काकूंनी न पाठवलेला मेसेज

हॅलो, ऐकू येतंय ना? एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात, आज मी स्वतः बोलतोय. मी शिवणकाम करणाऱ्या काकूंचा मोबाईल. सध्या दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवरच्या हिरव्या रबरी चटईवर उताणा पडलोय. थोड्या वेळात मला पुसून कोरा करणार आहेत. नंतर काहीच आठवणार नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

असं माझं एकदा झालेलंही आहे. माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक तडा आहे. तो कधी पडला, कोणाच्या हातून पडला, मला ठाऊक नाही. म्हणजे काकूंच्या आधीही मी कोणाचा तरी होतो. तो माणूस जिन्यावरून घसरला, की भांडता भांडता त्यानं मला आपटलं? या तड्यावर मी पुष्कळ विचार केलाय. काय करणार, चौकसपणा अंगातच आहे.

मला आठवतं ते काकूंच्या दुकानापासून. एक खिडकी, दोन मशीनं, उभा आरसा, आणि टेबलावर दोऱ्यांच्या रिळांमध्ये मी. काकू मला खडू लागलेल्या बोटांनीच उचलायच्या. त्यामुळे माझ्या स्पीकरच्या जाळीत निळी पूड बसलीय आणि माझा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो.

काकूंना गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नाहीत, कपडे राहतात. माझ्या यादीत 'लाल कोट', 'घाईवाल्या बाई', 'बटणवाले भाऊ', 'एक खांदा खाली' अशी मंडळी होती. 'एक खांदा खाली' फार सज्जन गृहस्थ. आपलं नाव असं लिहिलंय हे त्यांना कळू नये, म्हणून त्यांचा फोन आला की मी धास्तावायचो.

या यादीत कपड्याचा पत्ता नसलेलं एकच नाव होतं. 'ताई'. काकूंची थोरली बहीण. दुसरं मशीन तिचंच. मी दुकानात नवा होतो तेव्हा दोघी समोरासमोर बसून शिवायच्या. मग काकूंनी ताईसाठी कोट शिवायला घेतला आणि घरचीच तर आहे म्हणून नव्यानं माप न घेता जुन्या मापावरच कापला. कोट खांद्यात अडकला. चार गिऱ्हाइकांसमोर ताई म्हणाली, "तुला अजून माप घेता येत नाही."

"मग स्वतःचं स्वतः शिव," काकू म्हणाल्या.

ताईनं चष्मा उचलला आणि गेली, ती गेलीच. तीन वर्षं झाली. तेव्हापासून काकू प्रत्येकाचं माप दोनदा घेतात. आणि अधूनमधून, दुकानात कोणी नसलं की, मला हातात घेऊन ताईचं नाव उघडतात. बोट हिरव्या खुणेपर्यंत येतं, थांबतं, मागे जातं. मी कितीदा मनात म्हटलं, दाबा हो काकू! पण आम्हाला आपणहून कोणाला फोन किंवा मेसेज करता येत नाही. निदान मी तसं समजत होतो.

परवा घाईवाल्या बाईंकडून मेसेज आला. 'नवीन फॅशनचा अल्बम, पाचशे नमुने. उघडून बघा.' मला तेव्हाच जरा खटकलं. फोटो कसे असतात ते मला माहीत आहे, हे फोटो नव्हतेच. हे एक ॲप होतं, आत येऊन राहायला निघालेलं. मी रीतसर विचारलं, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, घेऊ का? काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या आणि हातात बाही. त्यांनी "हं हं" करत बोटानं हो केलं.

मग ते ॲप एकेक मागू लागलं. नंबरांची यादी बघू? मेसेज वाचू? पाठवू? प्रत्येक वेळी मी प्रश्न काचेवर आणला आणि प्रत्येक वेळी काकूंनी तो माशी हाकलावी तसा हाकलला. हो, हो, हो. कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा माप घेणारी ही बाई! खोटं कशाला बोलू, मलाही उत्सुकता होतीच. पाचशे नमुने कोणाला बघावेसे वाटणार नाहीत?

एकही नमुना निघाला नाही. आत आला तो विषाणू. आल्या आल्या त्यानं काचेवरचं आपलं चित्र लपवलं आणि कामाला लागला. मी त्याला न्याहाळत होतो. शिंकेतून उडतो तसला हा विषाणू नव्हे. दार कोणीतरी उघडावं लागतं, आणि अनोळखी माणसाला कोण दार उघडतं? म्हणून त्यानं काकूंचं नाव पांघरलं. बटणवाल्या भाऊंपासून सगळ्या यादीला तोच अल्बम पाठवला. कोणाचं उत्तर आलं की काकूंना दिसायच्या आत दडवून टाकलं. मी नुसता तापत होतो, आणि काकू म्हणत होत्या, "आजकाल बॅटरीच टिकत नाही मेली."

तिसऱ्या दिवशी घाईवाल्या बाई तणतणत दुकानात आल्या.

"काकू, तुमचा अल्बम उघडत तर नाहीच, वर माझ्या फोनवरून सगळ्यांना तोच चाललाय!"

"माझा? अहो, तुम्हीच तर पाठवलात!"

"मी? छे!"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काकू मला घेऊन तडक इथं आल्या. दुरुस्तीवाल्यानं माझं इंटरनेट बंद केलं, सिम काढून आपल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. बँकेला कळवायला सांगितलं, मग म्हणाला, "आता यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, काकू. मेसेज नको. तुमच्या मेसेजवर कोण भरवसा ठेवील? तुमचा आवाज ऐकू दे."

मी मुका झालो होतो, पण कान शाबूत होते. काकू स्टुलावर बसल्या. माझ्या काचेवरून नंबर वाचायचा, बटणांवर दाबायचा आणि तेच सांगायचं. "मी काकू बोलतेय. तो अल्बम उघडू नका. उघडला असेल तर फोन दाखवून घ्या. चूक माझी, वाचलं नाही मी." लाल कोट हसले. एक खांदा खाली उलट काकूंचीच समजूत घालत बसले. बटणवाले भाऊ मात्र चांगलेच तापले, आणि काकूंनी ते मुकाट ऐकून घेतलं.

शेवटी एकच नाव राहिलं.

"हिला पण गेलाय," दुरुस्तीवाला विषाणूनं दडवलेले मेसेज उघडून बघत म्हणाला. "आणि हिनं लगेच उत्तरही दिलंय. तुम्हाला दिसलं नाही का?"

काकूंनी वाकून वाचलं. 'किती दिवसांनी गं! उघडतेच.' त्याखाली तासाभरानं, 'उघडत नाहीये. तू फोन कर ना.' आणि दुसऱ्या दिवशी नुसतं, 'बरं.'

तीन वर्षं ज्या बोटाची मी वाट बघत होतो, ते बोट हिरव्या बटणावर येऊन थांबलं. पण या वेळी मागे गेलं नाही.

"ताई," काकू म्हणाल्या आणि पुढचं पाठ झालेलं वाक्य त्यांना आठवेना. मग म्हणाल्या, "तो मेसेज माझा नव्हता. पण फोन मीच केलाय. आपल्या दुकानाशेजारी, दुरुस्तीच्या दुकानात आहे मी. येतेस?"

ताई आली. चष्मा तोच, केस बरेच पांढरे. तिनं आपला फोन माझ्या शेजारी चटईवर ठेवला. तोही तापलेला, बिचारा. त्याच्या अंगात गेलेला विषाणू माझ्याकडूनच गेलेला. मला त्याची माफी मागायची होती.

"घरचीच आहे म्हटलं आणि उघडला," ताई म्हणाली. "बघितलंसुद्धा नाही काय आहे ते."

काकूंनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा जरा."

"इथं? अगं, लोक बघतायत."

"बघू देत. तेव्हा घेतलं नव्हतं माप."

खांदा पंधरा. काकूंनी खडूनं ते माझ्या शेजारी चटईवरच लिहिलं. ताई म्हणाली, "परत मोज," आणि दोघी एकदम हसल्या. मला वाटतं, त्या विषाणूनं सगळ्या उचापतींत एवढं एकच चांगलं केलं, तेही न कळत.

तर मंडळी, मी निघालो. तुमचा फोन काही विचारेल तेव्हा तोंडातल्या टाचण्या काढा, हातातलं बाजूला ठेवा आणि आधी वाचा. मेसेज घरच्या माणसाचा असला तरी. शंका आली तर त्या माणसाला फोन लावा. तेवढ्यासाठीच तर आम्ही आहोत.

परत जागा होईन तेव्हा यादी रिकामी असेल. जाळीतली ही निळी पूड कसली, याचा मी विचार करत बसेन. ही कोट शिवणारी कोण, आणि समोरच्या मशीनवर बसलेली ती चष्मेवाली कोण, तेही मला नव्यानं शोधावं लागेल. शोधीन की. आवडतं मला.

दुरुस्तीवाल्यानं मला काकूंसमोर धरलंय. "दाबा, काकू."

काकू दाबत नाहीत. डोळे बारीक करून वाचतायत. "सगळी माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?"

"परत वाच," ताई म्हणते.

काकू परत वाचतात. मग ताईकडे वळून म्हणतात, "आधी तुझा नंबर सांग. लिहून घेते."