रोजच्या पाच वह्या

"मामा, शाईचा पॅड कुठे गेला?" नव्या बाई टेबलाचे खण उपसत होत्या.

"वाळला. टाकून दिला," मी म्हणालो आणि पाच वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

पॅड माझ्याच खिशात होता.

मी शाळेत प्रयोगशाळेचा मदतनीस. माझी बायको इथेच विज्ञान शिकवायची. मुलांनी रोज काहीतरी नीट बघायचं आणि चार ओळी लिहायच्या, हा तिचा नेम. चाळीस वह्या एकदम वाचून माणूस विटतो, म्हणून ती रोज पाचच वाचायची आणि प्रत्येकीखाली एक प्रश्न लिहायची. ती जाऊन चार महिने झाले. नव्या बाईंनी 'तपासले' असा शिक्का करून घेतला. चाळीस वह्या दहा मिनिटांत हातावेगळ्या!

"मला सहा तास असतात, मामा. वर ते तक्ते, त्या याद्या. तुमच्या बाईंना जमायचं, मला नाही जमत."

माझं डोकंच फिरलं. "तिलाही जमत नव्हतं! गॅसशेजारी वही उघडून बसायची. भाजी करपायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. ही वरची तेवढी वाचा. मग हवा तर शिक्का मारा, पॅड मी आणून देतो."

बाईंनी कपाळाला आठ्या घालून वही उघडली. बरंच मागे एका पानावर बायकोचं अक्षर होतं. तिचा शेवटचा प्रश्न: 'समोरासमोर आल्यावर मुंग्या काय करतात?'

खाली, वही जिची त्या मुलीचं उत्तर: 'थांबतात. तोंडाला तोंड लावतात. बाई, मी अकरा वेळा बघितलं.' तपासले.

'आज एक थांबली नाही. तिच्याकडे साखर होती.' तपासले.

'बाई, का?' तपासले.

मग रोज एकच ओळ: 'आज काही बघितलं नाही.' तपासले. तपासले. तपासले.

बाईंनी पानं पुढे-मागे केली.

"काय लिहू?"

"मला काय विचारता? मी बाटल्या धुणारा माणूस."

त्यांनी पेन उघडलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं: 'माझं चुकलं. त्या मुंग्या मलाही दाखवशील?'

दुसऱ्या दिवशी वही आली. मी उभ्याउभ्याच वाचली. 'बाई, मुंग्या आता त्या वाटेनं जात नाहीत. मी शोधतेय.'

त्या दिवसाच्या पाच वह्या मोजून ठेवल्या होत्या. ही त्यांच्यावर ठेवली. सहा झाल्या. बाई ओरडणार.

ओरडू देत.