सरांचा पाहुणा माझ्या डोक्यावर

मी सोन्याचा कण बोलतोय. दागिन्यातला नाही. इतका बारीक, की धूळसुद्धा माझ्यापुढे डोंगर. आणि रंगाने लाल. सोनं फार बारीक केलं की लाल दिसतं, माझा इलाज नाही.

प्रयोगशाळेतल्या ताईने मला लाखो भावंडांसोबत काचेच्या पट्टीवर चिकटवलं. हलायची सोय नाही. वर प्रत्येकाच्या डोक्यावर गळासारखा एकेक आकडा बसवला. हृदयाला इजा झाली की रक्तात एक प्रथिन उतरतं, ते नेमकं त्या आकड्यात अडकतं. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. तो बसला की आमचा रंग केसभर सरकतो आणि यंत्राला कळतं. नुसत्या काचेला असलं काही जाणवत नाही. आम्हाला जाणवतं, पण तोंड नाही.

मधल्या मोकळ्या जागेला ताई दूध पाजते. म्हणजे दूध पावडरीचं पाणी, भलतं कुणी चिकटू नये म्हणून. एकदा तिची बरणी संपली, तर प्रयोगशाळेच्या सरांनी तिच्यात चहासाठीची दूध पावडर ओतून ठेवली. साखरेसकट.

मग तपासायला निरोगी रक्त हवं होतं. सर बाही सारत म्हणाले, "माझं घे. घोड्यासारखा ठणठणीत आहे. सकाळपासून जरा ॲसिडिटी, तेवढीच."

थेंब पडला. पाहुणा येऊन डोक्यावर बसला. रंग सरकला.

"सर, तुमच्या रक्तात सापडतंय."

"ते दूध गं. मीच गोडाचं भरलं होतं. टाक ती पट्टी. मी वर मीटिंगला जातो. लिफ्ट बंद आहे, जिना चढायचाय."

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. केसभर रंग, एवढाच माझा आवाज.

ताईने स्वतःचं बोट टोचलं. त्याच दुधाची दुसरी पट्टी घेतली. रंग जागचा हलला नाही.

"सर, दूध दोन्ही पट्ट्यांना तेच पाजलंय. खाली बसा."

"अगं, पण मीटिंग..."

"बसा म्हणते ना. नाहीतर काकूंना फोन लावते."

सर बसले. हृदयापेक्षा ते बायकोला जास्त घाबरतात. ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांना घेऊन गेली.

सर वाचले. घरी आल्यावर त्यांनी आमची पट्टी फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. येईल त्याला दाखवतात. कौतुक आहे, नाही म्हणत नाही. पण आधी खाली काच होती, आता वरही काच आहे. आणि त्यांच्या हृदयातून निघालेला पाहुणा अजून माझ्या डोक्यावर ठाण मांडून बसलाय. सर कधीच बरे झाले. याला कुणी कळवलेलं नाही.

तुम्ही त्या घरी गेलात, तर कुणाचं लक्ष नसताना फ्रेम उघडा आणि आम्लाचा एक थेंब टाका. आम्लाने आकड्याची पकड ढिली होते, तो सुटेल. मी नाही सुटणार. पण निदान डोकं तरी मोकळं होईल.