लिहून आलेली छावणी

"काय लिवलंय रं?" दगडोबाने विचारलं आणि दूध सोसायटीच्या ओसरीवर बसलेले सगळे गडी एकमेकांकडे बघून हसले.

टीव्हीवरच्या बातम्या मध्येच थांबल्या होत्या. माणसाचा आवाज गेला, सतार वाजू लागली आणि पडद्यावर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' एवढीच अक्षरं राहिली. दगडोबा जन्माचा आंधळा. सतार त्याला ऐकू येत होती, अक्षरं कशी ऐकू येणार?

सोसायटीचा कारकून मच्छिंद्र टीव्हीच्या कपाटाची किल्ली करगोट्याला लावून मिरवायचा. तो गंभीर तोंडाने म्हणाला, "तात्या, सरकारचं हाय. ईट गावाला चारा छावणी उघडली म्हणं. उद्याच जनावरं घिऊन या."

पंचायतीचा रेडिओ होता तोवर दगडोबाला गावात किंमत होती. रात्रीच्या बातम्या तो शब्दन् शब्द ध्यानात ठेवायचा आणि सकाळी आडावर पाण्यासाठी खोळंबलेल्या बायांना ऐकवायचा. टीव्ही आला आणि रेडिओ अडगळीत गेला. बाया मात्र गड्यांच्या गर्दीत टीव्ही बघायला येत नसत; त्यांना अजून दगडोबाच लागायचा. तेवढाच मान उरला होता आणि तो त्याला जिवापाड जपायचा होता.

सकाळी त्याने आडावर छावणी जाहीर करून टाकली. बाकीच्या बाया घरच्या गड्यांना विचारायला गेल्या. त्याची विधवा भावजय तुळजाबाई कुणाला विचारणार? तिच्या घरचा गडी दगडोबाच.

"भावजी, गाय रोज चौघांनी उचलून उभी करावी लागती. ईटपतूर चालंल का?"

"हितं ऱ्हाऊन तरी काय खाईल? लिवून आलंय, तुळजाबाई. सरकार खोटं कशाला लिवंल?"

ती गाय घेऊन गेली. दुपारी कुणीतरी हसत हसत खरं काय ते दगडोबाला सांगितलं. तो काठी आपटत सोसायटीत आला.

"मच्छिंद्रा, सायकल हाय न्हवं तुज्याकडं? तिला माघारी आण. गाय मरंल रं!"

"म्या मस्करी केली, तात्या. कुणी खरं धरंल, मला काय ठावं? आन आता दूध मोजायची येळ झाली."

ओसरीवर बसलेल्यांपैकी एकालाही उठावंसं वाटलं नाही. ऊन फार होतं, आणि गाय त्यांची नव्हती. लाज म्हणून काही असते, ती त्या दिवशी गावात कुणाकडेच नव्हती. दगडोबा एकटाच निघाला. ईटचा रस्ता फुटतो तिथपर्यंतचीच वाट त्याच्या पायांना माहीत होती. तिथे तो उभा राहिला.

दिवस कलला. मागे सोसायटीत टीव्ही सुरू झाल्याचं त्याला ऐकू आलं. मग समोरून पावलं वाजली. गायीच्या गळ्यातली घंटी वाजली नाही.

"तुळजाबाई?"

तिने दावं त्याच्या हातात दिलं. दगडोबा ते चाचपत चाचपत पार मोकळ्या टोकापर्यंत गेला.