आतून लावलेलं कुलूप

“कोण आहे? तार काढ आधी बाहेर!”

दारापलीकडून बाबांचा आवाज आला आणि तिच्या हातातली तार कुलपाच्या भोकातच अडकली. ती जिन्याच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

“बाबा, मी आहे. चिमटी.”

“चिमटी एवढीशी आहे. तुझा आवाज बाईचा आहे. मला शेंड्या लावतेस?” आत काहीतरी जड वस्तू दारावर आपटली. “पाऊल टाकून बघ. हातोडा डोक्यात घालीन.”

मामा जिन्यात दोन पायऱ्या खाली उभा होता.

“पुरे झालं आता,” तो कुजबुजला. “ॲम्ब्युलन्स खाली ताटकळत उभी आहे. ड्रायव्हरकडे पहार असेल. दार फोडू.”

“नको मामा. दाराला टेकूनच उभे आहेत ते. लागेल त्यांना.”

“आणि आत फिटचा झटका आला तर? तेव्हा नाही का लागणार?”

सकाळी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तीच भीती घातली होती.

बाई खुर्ची जवळ ओढून बसल्या होत्या आणि कागदावर एक गोल काढून म्हणाल्या होत्या, “हे घर समजा. आपल्या मेंदूत काही राखणदार पेशी असतात. त्यांना हे काम कुणी शिकवावं लागत नाही, जन्मापासूनच येतं. एरवी त्या गुपचूप फिरतात, केरकचरा उचलतात. जंतू शिरला की धावून जातात, आरडाओरडा करून बाकीच्यांना गोळा करतात. बाबांना मध्यंतरी ताप आला होता ना? तो जंतू आता गेलाय. तपासणीत कुठे सापडत नाही. पण राखणदार गप्प बसायला तयार नाहीत. चोर गेला तरी त्यांच्या काठ्या चालूच आहेत, घरातल्या माणसांवर.”

“म्हणजे हे वेड नाही?”

“नाही हो. ही मेंदूची सूज आहे. सलाईनमधून औषध देऊन राखणदारांना शांत करता येतं. पण आजच सुरू करायला हवं. जितका उशीर, तितक्या चांगल्या पेशी हकनाक जातात, आणि गेलेल्या परत येतीलच असं नाही. एक झटका येऊन गेलाय. दुसरा आला, तर जवळ माणूस हवं.”

ती दवाखान्याच्या खिडकीवर भरतीचे कागद भरायला गेली तेवढ्यात बाबा बाकावरून उठून गेले होते. थेट घरी. ती धापा टाकत पोहोचली तेव्हा दाराचं लॅच बदललेलं होतं. जुनं बाहेर, पायपुसण्यावर नीट ठेवलेलं, स्क्रूंसकट. डोकं फिरलं तरी जन्मभर कुलपं बसवलेल्या बाबांनी स्क्रू हरवले नव्हते.

नव्या लॅचच्या किल्ल्या आत, त्यांच्या खिशात. दाराला आतून कडी मात्र नव्हती. आई न्हाणीघरात पडली होती आणि आतली कडी काढता काढता वेळ निघून गेली होती, तेव्हापासून बाबांनी घरातली एकूण एक कडी उपटून टाकली होती. त्यामुळे एवढं एक लॅच उघडलं की झालं. पण उघडल्यावर समोर हातोडा होता.

“तू चोर आहेस,” आतून आवाज आला, आता जरा धापा टाकत. “चोरच असा न सांगता तार घालतो.”

तिने तार बाहेर काढली. तिला स्वतःचाच राग आला.

बाबांची एक रीत होती. कुणाचं बंद घर उघडायला गेले की आधी दारावर टकटक करायची. आपण कोण, कुणी बोलावलंय, ते मोठ्याने सांगायचं. मगच हत्यार काढायचं. घर रिकामं असलं तरीही. मालक शेजारी उभा राहून हसायचा, “अहो काका, आत फक्त झुरळं आहेत.” “मग त्यांना कळू दे,” असं म्हणून बाबा पुन्हा टकटक करायचे. लहानपणी पिशवी धरून ती बरोबर असायची. तिची बोटं बारीक म्हणून तिचं नाव चिमटी. आता बाबांचं कुलपांचं दुकान तीच चालवत होती, आणि आज घाबरून पहिलीच गोष्ट विसरली होती.

तिने उभं राहून दारावर टकटक केली.

“कुलूपवाल्यांच्या दुकानातून आलेय. डॉक्टरबाईंनी बोलावलंय.”

मामाने तोंड उघडलं, तिने हातानेच त्याला थांबवलं.

“दुकानातून?” आवाज बदलला होता. “नवीन आहेस का?”

“हो.”

“कुठलं कुलूप?”

“लॅच. मला उघडत नाहीये.”

“कसं उघडेल? मी बसवलंय ते.” त्यात थोडी ऐटही होती. “बस खाली. वाकलेली तार डाव्या हातात. तिने किल्लीसारखा ताण द्यायचा, अगदी थोडा. उजव्या हाताने कुलपातल्या पिना एकेक वर उचल. ढकलू नकोस, चाचपड.”

हे सगळं ती रोज करत होती. तरी तिने ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. एक पिन बसली, दुसरी बसली. मग लॅच किंचित फिरलं आणि अडलं.

“अडलं ना?” ते आतून हसले. “तिथे मी खोटी पिन घातलीय. चोराला वाटतं उघडलं, म्हणून तो अजून जोर करतो. जेवढा जोर करशील तेवढं घट्ट होईल.”

“मग काय करू?”

“ताण सोड.”

“सोडला तर सगळ्या पिना खाली येतील.”

“थोडा सोड गं. एखादी पडेल, ती परत उचलायची. घाई कुणाची आहे?”

मामाने डोळे मिटून घेतले. खाली ॲम्ब्युलन्सचा दरवाजा वाजला.

तिची बोटं ओली झाली होती. आत लाकडावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बाबांचा तळवा दाराच्या पलीकडून लॅचवर टेकला. पिना हाताला कळाव्यात म्हणून ते नेहमी तसाच हात ठेवत. म्हणजे हातोडा खाली होता.

“आता,” ते हळूच म्हणाले. “हां. शाब्बास.”

लॅच फिरलं.

दार उघडलं तेव्हा ते समोर उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, डोळे तारवटलेले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओळख कुठेच नव्हती.

“रडतेस कशाला? पहिल्यांदा सगळ्यांचाच हात कापतो.” त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी काखेत मारली. “चल. बाईंनी बोलावलंय म्हणालीस ना? कुठे जायचंय?”

“दवाखान्यात.”

“मग उशीर नको,” म्हणत ते मामाला ओलांडून तरातरा जिना उतरले.

औषध लागू पडलं. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “चिमटे, केस का विंचरले नाहीस?” ती बाहेर जाऊन व्हरांड्यात पोटभर रडून आली. घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, “राखणदार शांत झालेत. पण त्यांनी जे मोडलं, त्यातलं काही भरून येईल, काही नाही येणार. बघत राहायचं.”

घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, “तू हो पुढे. मी येतो सावकाश. काठी नको.” ती वर गेली, खिडक्या उघडल्या. मागे वाऱ्याने दार ओढलं गेलं आणि लॅच आपोआप लागलं.

जिन्यात पावलं थांबली. किल्ल्यांचा जुडगा वाजला. एक किल्ली आत गेली, फिरली नाही. दुसरी गेली, ती अर्धीच अडकली. मग पहिलीच पुन्हा. ती दाराशी धावली, मुठीवर हात ठेवला, आणि तशीच थांबली. बराच वेळ पलीकडे किल्ल्यांची चाचपणी चालू राहिली.

मग जुडगा खिशात पडल्याचा आवाज आला.

दारावर टकटक झाली.

“कुलूपवाला आहे,” बाबा म्हणाले. आवाज खणखणीत होता.

तिने आतून विचारलं, “कुणी बोलावलंय?”

“मुलीनं बोलावलंय.”