नीट हलवलेली बाटली

तोंडात बूच असताना मी बोलणार कशी? परवा ते निघालं, म्हणून आज बोलतेय. मी जुन्या रेड वाईनची बाटली. माझ्या अंगावरची अक्षरं इटालियन आहेत. ज्यांना ती वाचता येत नाहीत, तेच मोठ्यानं वाचतात.

माझ्या पोटातली द्राक्षं एका ज्वालामुखीच्या उतारावर पिकली. तिथली माती म्हणजे नुसती काळी राख. अशा मातीत वाढलेल्या फळाला गोडगोड बोलणं जमत नाही. सुरुवातीला माझी वाईन इतकी तुरट होती की पिणाऱ्याची जीभ टाळूला चिकटावी. म्हणून मला अंधारात आडवं निजवलं आणि वीस वर्षं कुणी उठवलं नाही. तेवढ्या काळात तुरटपणा निवळून त्याचा गाळ झाला. वयानं माणसंही निवळतात म्हणे. मला तरी फारशी दिसली नाहीत.

शेवटी मी एका रेस्टॉरंटच्या तळघरात आले. तिथे एक मुलगी सहा वर्षं ग्लास पुसत होती आणि पुसता पुसता वास ओळखायला शिकली होती. एकदा मालकीणबाई तिला म्हणाल्या, "ही एकच उरलीय. उघड, ओत आणि चव घेऊन आत काय काय लागतं ते मला सांग. जमलं तर तळघराची किल्ली तुझी."

किल्ली म्हणजे वाईन निवडायचं काम. मुलीनं तीन दिवस आधीच मला वर आणून फडताळात उभं केलं, गाळ तळाशी बसावा म्हणून. गाळ ढवळला की जुन्या वाईनची माती होते. सगळ्या स्वयंपाक्यांना तिनं बजावलं, "हिला हात लावाल तर याद राखा."

सांगायचं राहिलं ते फक्त वडिलांना.

वडील चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. लेकीची परीक्षा बघायला इस्त्रीचा शर्ट घालून दुपारीच आले. ती मालकीणबाईंना बोलवायला गेली, तेवढ्यात त्यांनी मला उजेडात धरलं. "अरेरे, सगळं औषध तळाशी बसलंय की!"

रुमालानं धूळ पुसली, बुचावर अंगठा दाबला आणि मला हलवलं. खाली-वर, खाली-वर, अगदी मनापासून. त्या हातांनी किती जणांची औषधं अशी हलवली असतील! मला ओरडायचं होतं. "अहो, नका हो!" पण आम्हाला ना हात ना पाय, आणि तोंड बंद. वीस वर्षांची तपश्चर्या अर्ध्या मिनिटात पाण्यात गेली.

मुलीनं बूच अलगद काढलं, ग्लास तिरका धरून ओतलं. पहिल्याच धारेला तिचा हात थांबला. वाईन गढूळ होती. तरी तिनं वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "राख... वाळलेला गुलाब... उन्हात सुकलेली चेरी... शेवटी थोडं मीठ." सगळं खरं होतं. एवढ्या कडू गाळातून तिनं मला शोधून काढलं होतं!

मालकीणबाईंनी मात्र घोट थुंकला. "पुस्तकी बोलू नकोस. तोंडात रेती येतेय. हलवली कुणी ही?"

मुलीची नजर वडिलांच्या काळ्या पडलेल्या रुमालावर गेली. वडील लांब दाराशी उभे होते; तिथवर बोलणं ऐकू जात नव्हतं, तरी कौतुकानं हसत होते.

"मीच, बाई. उचलताना धक्का लागला."

"बाटली सांभाळता येत नाही आणि तळघर मागतेस? उरलेली घरी घेऊन जा."

घरी येताना वडील म्हणाले, "चांगलं बोललीस गं. किल्ली कधी देणार?"

"देतील, बाबा."

आता मी त्यांच्या ओट्यावर आहे, अर्धी उरलेली, आंबत चाललेली. जेवणानंतर वडील मला हलवून दोन चमचे घेतात. काल त्यांनी लेकीला विचारलं, "तू ओतण्याआधी मी चांगली हलवून ठेवली होती. बरं केलं ना?"

ती चमचा धूत होती. पाठ न वळवता म्हणाली, "हो बाबा. म्हणून तर सगळे वास कळले."

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर त्यांना एवढंच सांगा, की बरं केलंत.