विणकर आजीचा आवाज

मित्रांनो, तुमच्यासमोर बसलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझे झाकण तडकले आहे आणि लाल बटण झिजून गुळगुळीत झाले आहे. ते एकाच बोटाने झिजवले, माझ्या बाईंच्या.

बाई महाविद्यालयात इतिहास शिकवत. उत्तर आफ्रिकेचा त्यांना ध्यास होता. तिथली वाळवंटाकाठची गावे कशी उठवली गेली, हे त्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून गोळा करत. "कागदांत साहेबांची बाजू असते, गावाची नसते," असे त्या म्हणत. त्यासाठी त्या तिथली बोली शिकल्या. अकरा वर्षे मी त्यांच्या खांद्यावरून फिरलो. माझ्या पोटात वाळू गेली, की त्या मऊ ब्रशने ती झाडत.

एकदा एक नव्वदीची विणकर आजी भेटली. सैनिकांनी गाव जाळले ती सकाळ, पळताना सुटलेला धाकट्या भावाचा हात, सारे ती विणता विणता सांगत होती. मध्येच तिचा माग थांबला.

"हे मी घरात कुणाला सांगितलं नाही गं. तू जपून ठेव."

बाईंनी मान हलवून होकार दिला. माझी टेप फिरत राहिली.

निवृत्तीनंतर बाईंना विसर पडू लागला. पुस्तक अर्धेच राहिले. विभागात नवी कपाटे आली, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "ही अडगळ जिन्याखाली टाका." मी आणि टेपा तिथल्या ओलीत पाच वर्षे पडून होतो. बाईंची धाकटी बहीण दोनदा आम्हाला न्यायला आली, पण विभागाने परवानगी दिली नाही आणि ती हात हलवत परतली.

मग त्या आजीची नात बाईंचे जुने पत्र घेऊन दूरदेशाहून आली. आजी वारली होती. बहिणीने या वेळी भांडून आम्हाला घरी आणले. टेप लावली. बुरशीची खरखर झाली, एक खोकला आला, मागाचे दोन ठोके वाजले. "माझ्या भावाचा हात..." आणि टेप तुटली.

नातीने बाईंचे गुडघे धरून आपल्या बोलीत विचारले, "पुढे काय म्हणाली आजी?"

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग बहिणीला हळूच म्हणाल्या, "ही मुलगी काय बोलते गं?"

बहीण पदरात तोंड लपवून रडली.

मित्रांनो, मी जुना झालो याचे मला दुःख नाही. पण आवाजाला कोरडी जागा लागते आणि वेळेवर ऐकणारे माणूस लागते. आम्हाला दोन्ही फार उशिरा मिळाले.