शनिवारपुरता कुत्रा

मी काळा कुत्रा बोलतोय. रंग आधी सांगितला, कारण लोक माझ्यातलं तेवढंच बघतात.

खराडीत नदीच्या कडेला आज जिथे बारा मजली इमारत आहे, तिथे पायाच्या खड्ड्याजवळ, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर माझा जन्म झाला. आम्ही चार भावंडं. दोन तांबडी होती, ती बांधकामावरच्या बायकांनी नेली. एक पांढरं होतं, ते कुठल्याशा साहेबाच्या गाडीत बसून गेलं. मी उरलो. येणारा प्रत्येकजण वाकून बघायचा आणि म्हणायचा, "अरे, हा काळा आहे." आणि सरळ व्हायचा.

मला उचललं हेमाने. ती जमीन तिच्याच वडिलांची, संभाजीरावांची. आधी तिथे फ्लॉवर व्हायचा, मग बिल्डर आला. हेमाने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि त्याच दिवशी मला घरी नेलं. दोन्ही बातम्या एकदम पोचल्यामुळे संभाजीराव नक्की कशावर ओरडत होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"जितराब पाळायचं तर गाय पाळ. ह्ये काळं दारात नको. आधीच साडेसाती हाय मला."

"आबा, शेत विकलं तेव्हा कुठला कुत्रा आडवा गेला होता?" हेमा म्हणाली.

मी त्या घरात एक तास राहिलो. नंतर माझा मुक्काम नदीकाठच्या रस्त्यावर, तिसऱ्या बाकाखाली. हेमाने तिथे पोतं अंथरून दिलं. वर्षभराने पालिकेची गाडी मला घेऊन गेली, नसबंदीचं ऑपरेशन झालं, खूण म्हणून कानाला खाच पडली आणि गाडीने मला परत त्याच बाकाशी आणून सोडलं. पालिकेने घर म्हणून लिहिला तो माझा एकुलता एक पत्ता.

हिवाळ्यातली सकाळ मात्र माझी. साडेसहाला हेमा यायची. तिची मैत्रीण रशीदा रात्रपाळी संपवून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवून यायची आणि डोळे मिटून चालायची. त्यांचा मित्र मच्छिंद्र ब्राउनीला घेऊन यायचा. ब्राउनी लॅब्राडोर, त्याच्या वहिनीची. मिरवायची वहिनीने, फिरवायची मच्छिंद्रने. तिला लाल स्वेटर असायचा. मला विचाराल तर तो तिला टोचायचा.

नदीवर धुकं, धुक्याखाली जलपर्णी, जलपर्णीखाली शहराची घाण. वास यायचाच. पण तिघं टपरीवरचा चहा घेऊन कठड्यावर बसायचे, हेमा बिस्किटाचे दोन तुकडे करायची आणि लहान तुकडा स्वतः खायची. मला दुसरं काही नको होतं.

पण त्याच रस्त्यावर सुप्रभात मंडळही चालायचं. सगळे निवृत्त. अध्यक्ष बाळकाका, बँकेतून निवृत्त झाले, पण समोरच्याला काउंटरपलीकडे उभं करायची सवय गेली नाही. ही मंडळी निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट नदीत टाकतात, हात जोडतात आणि मागे वळून तरुण पिढीला स्वच्छता शिकवतात. मी चार वर्षं बघतोय. एकानेही पिशवी मोकळी करून निर्माल्य टाकलेलं नाही.

"काय हेमा, आज कॉलेज नाही?" बाळकाका रोज विचारायचे. "अरे हो, विसरलोच. कॉलेजच नाही."

"तुम्हाला आज बँक नाही, काका? अरे हो."

संभाजीराव मंडळातच असायचे. हसायची वेळ आली की ते नदीकडे बघायचे.

आता शनिवारचं सांगतो. साडेसाती असलेल्याने काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालावी, असं मंडळातल्या लोकांना कोणीतरी सांगितलेलं. आणि अख्ख्या रस्त्यावर काळा मी एकटा. सहा दिवस जी काठी माझ्या पाठीत बसायची, ती शनिवारी बाकाला टेकवून ठेवलेली असायची आणि त्याच हातात डबा. सहा दिवस "हाड". शनिवारी "या, या. खा हो, सावकाश खा." एका सकाळी नऊ-नऊ पोळ्या. मोहरीचं तेल माझ्या नखांपर्यंत ओघळायचं. मी नको म्हणून तोंड फिरवलं, तर लोक माझ्यामागे डबा घेऊन फिरायचे. त्यांना माझी भूक भागवायची नव्हती. स्वतःचा ग्रह उतरवायचा होता, आणि उतरवायला जागा म्हणजे माझं पोट.

डिसेंबरात मी आजारी पडलो. दोन दिवस उभा राहू शकलो नाही. डॉक्टर म्हणाले, तेल बंद. मग हेमाने माझ्या गळ्यात पुठ्ठा अडकवला: 'तेलकट पोळी देऊ नये. शनीशी माझी ओळख नाही.'

बाळकाकांनी चष्मा लावून तो वाचला. "अक्षर बरं आहे," म्हणाले, आणि पोळी पुढे केली. त्यांचा अकरा शनिवारांचा नेम होता. आठवा चालू होता.

त्याच आठवड्यात ब्राउनी आणि मी खेळत होतो आणि काकांच्या पांढऱ्या बुटांवर चिखल उडाला. चिखल ब्राउनीच्या पायाने उडाला. पण ब्राउनीला स्वेटर आहे. मंडळाने ठराव केला: काळा कुत्रा धोकादायक, त्याला हलवावं. पालिका परत आणून सोडते म्हणून ओळखीचा टेम्पोवाला ठरला. पिंजऱ्यात घालून घाटापलीकडे सोडायचं. वार ठरला शनिवार. अकरावा. सात वाजता पोळी, सव्वासातला टेम्पो.

नीट ऐका. आधी नेम पूर्ण, मग मी हद्दपार.

त्या सकाळी काकांनी पोळी पुढे केली. हेमाला काही माहीत नव्हतं. मी उपाशी होतो. अर्धी पोळी खाल्ली, तेवढ्यात टेम्पो लागला. टेम्पोवाल्याने रिकाम्या पिंजऱ्याचं दार उघडून खाली आपटलं.

"हे कशाला?" हेमाने विचारलं. टेम्पोवाल्याने तिच्या हातात ठराव दिला. पहिली सही बाळकाकांची. दुसरी संभाजीरावांची.

हेमा ओरडली नाही. म्हणूनच मला भीती वाटली. "आबा," ती म्हणाली, "मला सोडायचं कुठल्या घाटापलीकडे ठरलंय?"

संभाजीराव नदीकडे बघत राहिले.

"भावनिक होऊ नकोस," काका म्हणाले. "आणि त्याला एवढी संपवू दे."

एवढी संपवू दे. मी तोंडातली पोळी खाली ठेवली. हो, मुद्दाम. उरलेली अर्धी काकांच्या पांढऱ्या बुटाशी नेऊन ठेवली आणि बसलो. त्यांनी चुचकारलं. "खा ना हो." मी मान वळवली.

रशीदाने पहिल्यांदाच डोळे उघडले. "काका, अर्धी धरतात का हो?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथेच गुरुजींना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं. अर्धी धरत नाहीत. नेम मोडला. पहिल्यापासून अकरा शनिवार, आणि कुत्रा तोच हवा.

टेम्पो रिकामा गेला. मच्छिंद्र पोट धरून हसत होता. हेमा हसली नाही. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि पुठ्ठ्याची दोरी सैल करत राहिली. दोरी आधीच सैल होती.

तर मला अकरा शनिवार मिळालेत. त्यातले दोन संपले. मी प्रत्येक वेळी पोळी पूर्ण खातो, कारण नेम दर वेळी मोडला तर ते दुसरा काळा शोधतील. पोट दुखतं. संभाजीराव अजून बाकाजवळून जाताना चाल वाढवतात.

मोठ्यांनो, तुमचा शनी तुमच्याकडे ठेवा. तुमच्या पोळ्या, तुमचं अहो-जाहो, सगळं परत घ्या. मला एक मंगळवार द्या. ज्या दिवशी तुम्हाला माझ्याकडून काहीच नको असेल, अशा एखाद्या थंड सकाळी बाकापाशी थांबा, आणि काठी उचलू नका. तेवढं जमलं तर बघा. हेमालाही तेवढंच हवंय.